तितर असल्याचा दाखला

आमच्या गावात जीप आली की आधी कुत्री भुंकायची आणि मग माणसं आपापल्या घरात जाऊन दार लोटून घ्यायची. त्या वर्षांत वऱ्हाडात फार जिपा फिरत. कापूस रुसला होता, सोयाबीन नवं नवं होतं, आणि शेतकऱ्याचं नेमकं काय चुकतं हे शोधायला मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंतची माणसं येत. चावडीसमोर उतरून आधी कंबर सरळ करत, मग वही काढत. कोणी विहिरीत दोर सोडून पाणी मोजे, कोणी मातीच्या पुड्या बांधून नेई. एकानं तर घरोघरी जाऊन विचारलं होतं, तुम्हाला झोप नीट लागते का. माझी आई म्हणाली, "तुमी आले नव्हते तोवर लागत होती." त्यानं तेही लिहून घेतलं.

जीप परत गेली की गावातलं काहीतरी कमी होतं, अशी लोकांची पक्की समजूत होती. नाल्यावर एक पथक येऊन गेलं, त्यानंतर नाल्यातली रेती बंद झाली. झाडं मोजणारे येऊन गेले, त्यानंतर स्वतःच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, वाळलेला लिंब तोडायलाही अर्ज लागू लागला. एकदा रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आमची तूर खाल्ली. बाबा नुकसानीचा अर्ज घेऊन गेले, तर तिथल्या माणसानं विचारलं, रोही खाताना तुम्ही स्वतः पाहिला का. पाहिला, बाबा म्हणाले. मग हाकलला का नाही? हाकलला म्हणावं तर वन्यप्राण्याला त्रास दिला असं होत होतं, आणि नाही म्हणावं तर पिकाची काळजी घेतली नाही असं. बाबा अर्ज तसाच घेऊन परत आले. त्या कागदात आईनं हळद बांधून ठेवली.

आमचं गाव बाळापूर आणि पातूरच्या मधल्या काळ्या मातीत आहे. मी तेव्हा अकोल्याच्या कॉलेजातून बीएस्सी झूलॉजी करून नुकतीच घरी आले होते. झूलॉजी म्हणजे काय हे गावात कोणालाच कळलं नव्हतं. ढोरांची डॉक्टरीण झाली असं समजून पहिल्या आठवड्यात तीन म्हशी माझ्या दारात आणून बांधल्या. मी इंजेक्शन देत नाही म्हटल्यावर म्हशीवाले म्हणाले, मग तीन वर्षं केलं काय? मला राग आला होता, पण उत्तर काही सुचलं नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा एकाच गोष्टीची वाट पाहणं चाललं होतं, ती म्हणजे विहिरीवरची वीज. बाबांच्या विहिरीला पाणी होतं, पण ते वर आणायला लाइन नव्हती. कनेक्शनचा अर्ज दिला तेव्हा मी शाळेत होते, आणि डिग्री हातात घेऊन आले तरी लाइन आली नव्हती. मोटार मात्र घेऊन ठेवली होती. ती घरात पोत्यात गुंडाळलेली असे आणि दर दसऱ्याला आई तिला हळद-कुंकू लावी. त्या उन्हाळ्यात अखेर सिमेंटचे खांब आले. गावाच्या ई-क्लासमधून, म्हणजे ढोरं चारायच्या सरकारी गवताळ जमिनीतून, ते आमच्या वावरापर्यंत जायचे होते. पाऊस ओसरला की उभे करू, हरभऱ्याला पाणी सोडाल, असं ठेकेदार सांगून गेला. बाबा रोज संध्याकाळी जाऊन त्या आडव्या पडलेल्या खांबांवर बसत. घरचं कोणी आजारी असावं तसे त्यांची विचारपूस करून येत. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या पाण्यावर एकही पीक काढलं नव्हतं.

आणि त्याच पावसाळ्यात ई-क्लासमध्ये ते पाखरू आलं.

काळंभोर, पंख पांढरे, डोक्यामागे वळलेली चार लांब पिसं. गवतातून ते एकदम सरळ वर उडी मारायचं, हवेत पंख फडफडवून बेडकासारखा आवाज काढायचं आणि पुन्हा गवतात पडायचं. थोड्या वेळानं परत उडी. दिवसभर हाच उद्योग. गावात त्याला उडीवालं पाखरू म्हणत. मी पुस्तक काढून चित्राशी ताडून पाहिलं. तो तणमोर होता. आमच्या वर्गातल्या एकाही मुलीनं कधी न पाहिलेला, सरांनीही फक्त चित्रात दाखवलेला तणमोर. मी जेवताना बाबांना त्याचं नाव सांगितलं, तो किती कमी उरलाय ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सरांना पोस्टकार्ड टाकलं. तीन वर्षं केलं काय, याचं ते माझं उत्तर होतं. ते कार्ड मी टाकलं हे गावात आजवर कोणाला माहीत नाही. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे.

आठवड्यानं चाचा घरी आले. चाचांचं वावर आमच्या वावराला लागून, धुरा एकच. बाळापूरला त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं, त्यामुळे जिल्ह्यातली प्रत्येक बातमी आणि प्रत्येक अफवा आधी त्यांच्या दुकानात ठोकून पाहिली जाई. ते आत आले आणि पाणीही न घेता बाबांना म्हणाले, "भाऊ, थो उडीवाला परिंदा लय खतरनाक हाये. दुकानात एक गिऱ्हाईक सांगत होतं. असा परिंदा जिथं सापडला, तिथं पूरी जमीन अभयारण्यात जाते. न तार, न कुआँ, न ढोर."

"तार बी नाई?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यात पयले तार."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटातली भाकरी मोडत होते. चाचांचं ऐकलेलं कितपत खरं होतं हे मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं आणि कोणी विचारायलाही गेलं नाही. विचारायला जायचं म्हणजे आमच्याकडे पाखरू आहे हे सांगणं आलं.

मारोतीच्या पारावर सगळे जमले. एकानं सरळ सुचवलं, डबे वाजवू, हाकलून देऊ, शेजारच्या गावाच्या हद्दीत जाऊ द्या. तेव्हा बाबा उठले आणि म्हणाले, "हाकलता येत नाई. मादी माह्या सोयाबीनात अंड्यावर बसेल हाये."

डबे वाजवायची गोष्ट तिथंच संपली. हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे डवरणी करताना, म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैलांचा डवरा फिरवून तण काढताना, तासात टिटवीचं, चंडोलाचं, तितराचं घरटं लागलं की डवरा उचलून पुढं टाकतात. चारही बाजूंनी हातभर गवत तसंच सोडून देतात आणि पिल्लं निघून जाईपर्यंत तिथं हात लावत नाहीत. बैलांनाही ते ठाऊक असतं, ते आपोआप वळसा घेतात. असं का, हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. पेरलेल्या वावरातून बसलेलं पाखरू उठवायचं नाही, बस. ज्यानं डबे वाजवायचं म्हटलं होतं, त्यानंही मान खाली घातली.

मग ठरलं असं, की पाखरू राहील, पण ते नाही. नाव कोणी काढायचं नाही. जीपवाल्यांनी विचारलं तर कुठं, काय, कधी असं विचारायचं. ई-क्लासमध्ये ढोरं सोडायची नाहीत, कारण ढोरं शिरली की पाखरू जास्तच उड्या मारतं आणि रस्त्यावरून दिसतं. बायांनी गवत कापायला जायचं नाही. पोरांनी तिकडं गोफण न्यायची नाही. महिनाभर गावानं आपली ढोरं दावणीला बांधून विकतची वैरण घातली आणि त्या गवतात माणसाचं पाऊल पडू दिलं नाही. इतका कडक बंदोबस्त मी नंतर कुठल्या अभयारण्यातही पाहिला नाही. तो सगळा अभयारण्य होऊ नये म्हणून होता.

जीप आली. तीत तिघं होते. एक उंच गृहस्थ, डोक्याला कापडी टोपी, गळ्यात दुर्बीण, आवाज अगदी हळू. त्यांच्याबरोबर अमरावतीच्या एक बाई, त्यांच्याही गळ्यात दुर्बीण. आणि आमच्या भागाचा वनरक्षक, ज्याच्या गळ्यात काही नव्हतं आणि ज्याला लवकर घरी जायचं होतं. उंच गृहस्थ म्हणाले, "इथलं एक पत्र आमच्यापर्यंत पोचलं, म्हणून आलो." मी गर्दीत मागं सरकले. पण त्यांनी नाव घेतलं नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. आज वाटतं, त्यांना सगळं समजलं होतं.

गावानं त्यांना पकडून त्यांचा सत्कार केला. सत्काराला कोणी नाही म्हणत नाही, हा सरपंचांचा अनुभव होता. ई-क्लासच्या कडेलाच खुर्च्या मांडल्या, पण गवताकडे पाठ करून. पाहुणे बसले, समोर आम्ही सगळे. सरपंचांचं भाषण सुरू झालं आणि त्याच वेळी पाहुण्यांच्या मागं, बरोबर टोपीच्या वर, पाखरानं उडी मारली.

साठ-सत्तर माणसं ते पाहत होती आणि एकाच्याही तोंडावरची माशी हलली नाही. बेडकासारखा आवाज आला तसं चाचा जोरात खोकले. पुन्हा उडी, पुन्हा खोकला. सरपंच शेतकऱ्यांच्या व्यथा सांगत होते आणि दर दोन वाक्यांनी चाचांना ढास लागत होती. त्या बाईंनी काळजीनं स्वतःची पाण्याची बाटली काढून चाचांना दिली. पातूरहून बोलावलेल्या फोटोवाल्यानं फोटो काढला, तो बरीच वर्षं ग्रामपंचायतीत लावलेला होता. त्यात उंच गृहस्थांच्या डोक्याच्या वर आधी एक काळा ठिपका आला होता. फोटोवाल्याला तो डाग वाटला, म्हणून त्यानं रंग लावून बुजवून दिला होता.

इथवर सगळं जमलं. मग पाहुणे म्हणाले, जरा शेतांमधून फिरून येऊ. आमच्या धुऱ्यावर आल्यावर ते थांबले. बाबांनी दोनच दिवसांपूर्वी डवरणी केली होती. वावर कसं आरशासारखं स्वच्छ, एक काडी गवताची नाही. आणि बरोबर मधोमध गुडघाभर गवताचा एक गोल, न्हाव्यानं डोकं भादरून शेंडी ठेवावी तसा. गावभर पाखरू लपवत फिरणाऱ्या माझ्या बापानं डवरा उचलताना हा विचारच केला नव्हता. गेली चाळीस वर्षं हात जसा उचलला जात होता तसा उचलला गेला.

"ते मधलं का ठेवलंय?" उंच गृहस्थांनी विचारलं.

बाबांनी आधी गवताकडे पाहिलं, मग चाचांकडे. तेव्हा चाचा पुढं झाले आणि म्हणाले, "साहब, तिथं यांचा म्हसोबा हाये. कडक हाये. आमी बी मानतो."

पाहुण्यांनी लगेच चपला काढल्या. तिथूनच हात जोडले. बाई म्हणाल्या, अशा देवाच्या नावानं राखलेल्या जागांचाच आम्ही अभ्यास करतो, पुढच्या आठवड्यात नीट पाहायला येऊ. झालं. आता म्हसोबा आणणं आलं. बाबांनी नाल्यातला एक बरा गोटा पाहून आणला, चाचांनी बाळापूरहून शेंदूर आणला, कारण आमच्या गावच्या दुकानात मागितला असता तर चर्चा झाली असती. मादीला त्रास होऊ नये म्हणून गोटा गवतापासून दहा पावलं अलीकडे ठेवला. शेंदूर लावताना बाबांनी दोनदा माफी मागितली, कोणाची ते मला कळलं नाही.

गोटा ठेवल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या वावरात निंदायला आलेल्या एका बाईनं जाता जाता त्याला हात जोडला आणि तिची हरवलेली शेळी संध्याकाळी घरी आली. चौथ्या दिवशी नारळ फुटला. पाचव्या दिवशी दोन बाया नैवेद्य घेऊन हजर. पारावर बसून ज्यांनी हे सगळं ठरवलं होतं, त्यांच्याच घरच्या त्या बाया. देव खोटा आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यातल्या एकीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "शेंदूर तर खरा हाये ना?" बाबा दिवसभर धुऱ्यावर उभे राहून भक्तांना अडवू लागले. "आमचा म्हसोबा दुरूनच पावते," ते ओरडून सांगत, "जवळ गेलं तर कोपते." त्यामुळे तर त्याची आणखीच ख्याती झाली. मधे मादी मान वर काढून हे सगळं पाहायची आणि पुन्हा खाली बसायची.

पुढच्या आठवड्यात तिघं परत आले. धुऱ्यावरून बाईंनी दुर्बीण लावली. "गोट्याच्या मागं गवतात एक मान दिसली," त्या म्हणाल्या. "तपकिरी, लांब." मग उंच गृहस्थांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, पण मान पुन्हा वर आली नाही. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही झूलॉजी शिकलात. इथं रोज येता. तुम्हाला काय वाटतं?"

बाबा माझ्या शेजारी उभे होते. सकाळीच त्यांनी मला बजावलं होतं, "तू तितर म्हनजो. तुह्या तोंडचं थे खरं मानतील. बाकी आमाले कोन इचारते?" त्यांच्या अंगावर धुतलेला सदरा होता. धुऱ्यापलीकडे त्यांचे खांब पडले होते.

"तितर," मी म्हणाले.

"नक्की?"

"हो सर. आधी मलाही वेगळं वाटलं होतं. चूक झाली."

ते हसले. "चूक होते," ते म्हणाले. "लिहून कळवणारं कोणी असतं हेच खूप." मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. त्यांनी मला खोटारडी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. जाता जाता बाई बाबांना म्हणाल्या, "इथं तणमोर असता ना काका, तरी आम्ही काही जमीन मागितली नसती. तेवढा महिना गवत राखा म्हटलं असतं, आणि तारा ओढल्या तर त्यांवर चकचकीत चकत्या टांगा, पाखराला लांबून दिसाव्यात म्हणून. एवढंच." बाबांनी मान डोलावली आणि त्या जीपमध्ये बसताच चाचांना म्हणाले, "पयले चकत्या, मंग कुंपन."

वनरक्षकानं मात्र काम पक्कं केलं. त्यानं कागद काढला आणि म्हणाला, "मॅडम, दोन ओळी लिहून द्या. माहं बी काम कमी होईल." मी लिहिलं की सदर भागात तणमोर आढळत नाही, आढळणारा पक्षी तितर असून तो सर्वत्र आढळतो. खाली सही केली, सहीखाली बीएस्सी, झूलॉजी. शिक्षणाचा मी केलेला तो पहिला उपयोग.

मादीची पिल्लं निघाली आणि तिच्यामागं ई-क्लासात गेली. सोयाबीन निघालं. दिवाळीआधी खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि एका दुपारी बाबांनी खटका दाबला. मोटारीनं आधी हवा ओकली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. बाबा पाटाच्या कडेला बसून दोन्ही पाय पाण्यात घालून हसत होते आणि आई त्यांना चप्पल तरी काढा म्हणून ओरडत होती. चाचांच्या वावरालाही त्यातूनच पाणी दिलं. त्या वर्षीचा हरभरा असा आला की माणसं मुद्दाम पाहायला येत. इतके आनंदी बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि खोटं बोलल्याचं मला तेव्हा जराही वाईट वाटत नव्हतं. उलट अभिमान वाटत होता.

पुढच्या पावसाळ्यात पाखरू परत आलं. बाबांनीच पहिल्यांदा पाहिलं आणि घरी येऊन पाहुणे आल्यासारखं सांगितलं. आठ-दहा दिवस त्याच्या उड्या चालू होत्या. मग एका सकाळी बाबा वावरातून लवकर परत आले. गळ्यातला दुपट्टा हातात होता आणि त्यात काहीतरी गुंडाळलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर ओसरीवर ठेवलं. "पाह्य," ते म्हणाले. "तू शिकेल हाये. वाचते का?"

ते केव्हाच मेलं होतं. मान मोडली होती, एक पांढरा पंख मुळापासून उलटा झाला होता. आमच्याच तारांखाली सापडलं होतं. उडी मारायला वर गेलं असणार, किंवा पहाटे ई-क्लासकडे येताना धडकलं असणार. तारांवर चकत्या नव्हत्या. मला त्या बाईंचं बोलणं आठवलं, आणि बाबांनाही आठवलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "आपन सांगून येऊ."

"कोनाले?" आईनं विचारलं.

"ज्याईले खोटं सांगतलं त्याईले."

आईनं समजावलं, चाचांनी हात जोडले. "भाऊ, जिंदा होता तवा नव्हता म्हटला. आता मरून गेला तर हाये कायले म्हनते?" पण बाबा ऐकेनात. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे त्यांनी सांगितलं नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या डवऱ्याखाली एक अंडं फुटलं नव्हतं, एवढं मला माहीत होतं. धुतलेला सदरा घालून, दुपट्टा पोटाशी धरून ते एसटीत बसले. मी सोबत गेले.

वनखात्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. बाबांनी टेबलावर दुपट्टा सोडला आणि म्हणाले, "साहेब, हा तनमोर हाये. गेल्या साली आमी तितर सांगतला. खोटं सांगतलं. आता आमच्या तारेवर आपटून मेला. लिहून घ्या."

साहेबांनी पाखराकडे पाहिलं, मग वनरक्षकाकडे पाहिलं. वनरक्षकाला घाम फुटला होता. फाइल आली. साहेबांनी माझा कागद काढून मोठ्यानं वाचला. "या भागात तणमोर नाहीच," ते म्हणाले. "इथं लेखी आहे."

"पन साहेब, हा माह्या हातात हाये."

"हातात आहे हो. रेकॉर्डवर नाही."

बाबांना हे समजेना. ते पुन्हा पुन्हा पाखराचा पंख उघडून दाखवत होते, डोक्यामागची पिसं बोटानं सरळ करत होते. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची पुढं ओढून समजावून सांगितलं. "हा तणमोर ठरला तर या वनरक्षकाचा गेल्या वर्षीचा अहवाल खोटा, त्यावरचा माझा शेरा खोटा, लाइन टाकायला काही हरकत नाही म्हणून आम्ही लिहून दिलं ते खोटं, आणि सगळ्यात आधी तुमच्या मुलीची सही खोटी. खोटं निवेदन दिल्याचं प्रकरण होईल." "नोकरी लागायची असेल ना त्यांना?" त्यांनी विचारलं. पुढच्याच आठवड्यात अचलपूरच्या एका शाळेत माझी मुलाखत होती.

मग त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "मॅडम, तुम्ही जाणकार. नीट पाहा आणि तुम्हीच सांगा. काय आहे हे?"

टेबलावर काळंभोर, पांढऱ्या पंखांचं पाखरू पडलं होतं. आंधळ्यानंही हात फिरवून त्याला तितर म्हटलं नसतं. बाबा माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या तोंडावर काळजी नव्हती. पोरगी शिकलेली आहे, आता ती सांगेल आणि हे संपेल, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"तितर," मी म्हणाले.

गेल्या वर्षी बोलले ते विहिरीसाठी, असं मी स्वतःला सांगू शकत होते. हे मात्र फक्त माझ्यासाठी होतं. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, एका ओळीत काहीतरी नोंदवलं आणि चहा सांगितला. बाबांनी चहा घेतला नाही. दुपट्ट्याच्या गाठी बांधल्या आणि ते बाहेर पडले.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी. कंडक्टर आला आणि दुपट्ट्याकडे बोट करून म्हणाला, "काय हाये हो त्यात? कोंबडं हाये काय?"

"तनमोर," बाबा म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की पुढच्या सीटवरची माणसं वळली. "मरेल हाये. आमच्या तारेनं मेला."

"थे काय असते?" पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं.

बाबांनी गाठ सोडली. म्हातारी वाकून पाहू लागली, मग तिच्यामागचा माणूस उठला, मग दांड्याला धरत एकेक करून सगळी बस आमच्या सीटजवळ आली. फाट्यावर गाडी थांबली तसा ड्रायव्हरही मागं येऊन पाहून गेला. प्रत्येकाला बाबा पुन्हा पहिल्यापासून सांगत होते, याचं नाव तनमोर, हा पावसाळ्यात येते, अशी सरळ वर उडी मारते, याची मादी माह्या सोयाबीनात बसली होती, आमी याले तितर म्हटलं. लोक ऐकत होते आणि च् च् करत होते. माझ्याकडे बाबांनी एकदाही पाहिलं नाही.

"हे कोन?" म्हातारीनं माझ्याकडे हात करून विचारलं.

"पोरगी माही."

"शिकेल हाये?"

"हो," बाबा म्हणाले. "लय शिकेल हाये." आणि पुढच्या माणसाला दिसावं म्हणून त्यांनी पाखराचा पंख पुन्हा उघडून धरला.